शोषखड्ड्यावरचं गवत

वसईतल्या आमच्या वाडीत घर बांधलं, तेव्हा सेप्टिक टाकी वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. "इतक्या वर्षांत एकदाही टँकर बोलवावा लागला नाही," असं ते पाहुण्यांनाही कौतुकाने सांगत. टाकी अधूनमधून उपसावी लागते, नाहीतर गाळ पुढे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात जातो आणि तो खड्डा बुजतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

लग्नानंतर मी विरारला मनवेलपाड्यात राहायला गेले, पण रविवारी माहेरी यायचे. त्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "बाथरूममधलं पाणी लवकर उतरत नाही. मशीन लावलं की संडासात बुडबुड आवाज येतो."

"हवा अडकली असेल," वडील म्हणाले आणि जाळीतले केस काढून मोकळे झाले.

मागच्या बाजूला सगळी वाडी वाळून पिवळी पडलेली, पण शोषखड्ड्यावर गवत गुडघाभर वाढलं होतं. आईला त्या ओलीचं अप्रूप. तिने शेजारी अळू लावलं. संध्याकाळी वास यायचा, तेव्हा आम्ही खिडकी लावून घ्यायचो.

शेजारचं घर मोठ्या काकूचं. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नोकरीला पुण्यात. ती लग्न होऊन आली तेव्हा वडील शाळेत जात होते. आजी सतत आजारी, त्यामुळे त्यांचा डबा, अभ्यास, तापात उशाशी बसणं, सगळं काकूनेच केलं. दोन्ही घरांची विहीर एकच. आम्ही फिल्टर बसवला होता, काकू मात्र पाणी फडक्याने गाळून तसंच प्यायची.

श्रावणात विहीर वरपर्यंत भरली. एका रविवारी काकू आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "भाऊजी, पाण्याला वास मारतोय रे."

"पानं कुजली असतील, वहिनी. पावडर टाकतो."

त्यांनी पावडर टाकली. चार दिवस वास गेला, मग पुन्हा आला. काकू दुसऱ्यांदा सांगायला आली नाही.

पुढे तिचं अन्नावरचं मन उडालं, डोळे पिवळे दिसायला लागले. वडील आणि मी तिला रिक्षाने माणिकपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

"पिण्याचं पाणी कुठलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या विहिरीचं. गोड आहे," काकू म्हणाली.

"विहिरीजवळ संडासाची टाकी आहे का?"

मीच हो म्हटलं.

काकूला ॲडमिट करून आम्ही परत निघालो. रिक्षात वडील म्हणाले, "तो आवाज, ते गवत, तो वास... सगळं समोर होतं गं. मला बघायचंच नव्हतं."

टाकीचं झाकण उघडलं तर काठोकाठ गाळ. टँकर आला, टाकी रिकामी झाली. विहिरीपासून लांब, वाडीच्या दुसऱ्या टोकाला नवा शोषखड्डा खणला. विहिरीचं पाणी तपासून आणलं, ते पिण्यालायक नव्हतं. आईने अळू मुळासकट उपटून टाकलं.

काकू घरी आली त्या दिवशी वडील तिच्या खाटेजवळ बसले. "वहिनी, हे माझ्यामुळे झालं."

"तू काय मुद्दाम केलंस?" तिने त्यांचा हात धरला. मग म्हणाली, "पण मी सांगितलं होतं, तेव्हा नीट बघायला हवं होतंस, भाऊजी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर वडिलांना बरं वाटलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

काकू बरी झाली, पण अशक्तपणा राहिला. थंडीत मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. जाताना तिने घराची किल्ली वडिलांकडे दिली. ते दर आठवड्याला तिचं घर उघडून झाडून घेतात, संध्याकाळी तिच्या देवापुढे दिवा लावतात. फोनवर दोघं तासभर बोलतात, केळीचे घड, पाऊस, गावातली लग्नं. परत कधी येणार, हे वडील तिला विचारत नाहीत, आणि तीही तो विषय काढत नाही.