दुसऱ्या खेपेचा नियम
मी लेखक नाही, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. तरी लिहितोय, चुकलं तर माफ करा. डिंक तळल्याचा वास आला की वहिनीचा तो नववा महिना आठवतो. पहिली मुलगी झाली तेव्हा आईनं साखरसुद्धा वाटली नव्हती, म्हणून वहिनी धास्तावलेली. एका दुपारी आई बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक तळत असताना अंगणवाडीताई चुलीपाशी टेकल्या आणि म्हणाल्या, दुसऱ्या खेपेला सरकारी मदत मुलगी झाली तरच मिळते. आईचा झारा थांबला. “अन् पोरगं झालं तर?” “तर न्हाई, मावशी.” “लय उलटं हाय की तुमचं सरकार!” वहिनी कित्येक दिवसांनी हसली. मी परीक्षेसाठी परभणीला परतलो. शेवटी दादाचा फोन आला, “पोरगी झाली. आय गल्लीभर पेढे वाटायलीय.”