पावसातली डुकरीण

कामण गावच्या सभेत त्या बाईंना मी एकदाच पाहिलं. रानडुकरं मारायची परवानगी पावसाळ्यातही मिळावी, असा आम्हा शेतकऱ्यांचा अर्ज होता. त्यावर वनखात्याचे साहेब लोकांचं मत विचारत होते. मत कसलं, सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात मागून या बाई उठल्या. पदर खोचलेला, नखांत चिखल.

“पावसात डुकरीन पिल्लांची असते. माझा बापूस शिकारी, पन पाऊस लागला की भाला आढ्याला बांधून ठेवायचा.”

“मावशी, तुमच्या भाताला डुकरं तोंड लावत नाहीत वाटतं!” कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

“अर्धं खाल्लं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “भात मी परत लावीन. पिल्लं कोन लावनार?”

हसू थांबलं. अर्धं शेत गेलेल्या त्या बाईंकडे मी थक्क होऊन बघत राहिलो. माझा तर एक वाफाही गेला नव्हता, तरी गेल्या श्रावणात मी तारेचा फास लावला होता. मेलेल्या डुकरिणीला तीन पिल्लं लुचत होती. हे मी घरीही बोललो नव्हतो.

मी उठलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं.

“आनि पिल्लं?” बाईंनी विचारलं.

“तिथंच सोडून आलो,” मी म्हणालो.