सगळं मिळून एक

कॉलेजात सगळे ज्यांना मामा म्हणायचे, ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होते. भिंगं पुसायची, तुटलेल्या तारा जोडायच्या, संध्याकाळी सगळं साहित्य मोजून कपाटात ठेवायचं. एक भिंग जरी कमी भरलं तरी ते कपाटाला कुलूप लावत नसत आणि आम्हालाही हलू देत नसत. खडूस माणूस आहे, असं माझं पहिलं मत. माझी पहिली मतं बहुतेक चुकतात.

क्वांटम मेकॅनिक्समध्ये माझी दोनदा दांडी उडाली होती. तिसरी खेप शेवटची. ती हुकली की पदवी नाही, सगळी वर्षं पाण्यात. आईने बोलणं सोडलं नव्हतं, पण अभ्यासाचं विचारणं सोडलं होतं, आणि ते जास्त लागायचं. घरी लक्ष लागेना म्हणून मी सकाळीच प्रयोगशाळेत जाऊन बसायचे.

"मोठ्याने म्हण," तारेवरचं वेष्टण सोलता सोलता मामा म्हणाले. "मनातल्या मनात सगळ्यांनाच येतं."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"काही नाही. पण तू कुठे गडबडतेस ते कळेल."

मला रागच आला. तरी म्हणायला लागले. मामांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एकतीस वर्षं पोरांची उजळणी कानावर पडून त्यांचा कान भलताच तिखट झाला होता.

"काल म्हणालीस, ती अनिश्चितता काही यंत्राचा दोष नाही," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "आज म्हणतेस, यंत्र अजून बारीक केलं की जाईल. नक्की काय ते ठरव."

कालचं बरोबर होतं. मी पान उलटलं आणि डब्यात कोंडलेल्या कणावर आले. तो कुठे आहे ते आधी सांगता येत नाही, कुठे सापडायची शक्यता किती, एवढंच सांगता येतं.

"पण डब्याबाहेर गेला नाही ना?"

"नाही."

"मग पोरं म्हणतात तसं, सगळ्या जागांची शक्यता मिळून एक, म्हणजे पुरी, भरली पाहिजे. भिंग कुठल्या खणात आहे ते माहीत नसू दे, कपाटात आहे ना?"

पुस्तकात याला नॉर्मलायझेशन म्हणतात. दोन्ही वेळा मी ही पायरी किरकोळ समजून गाळली होती.

परीक्षेत तोच डबा आला, सहा एकक लांबीचा. कण डाव्या अर्ध्यात सापडण्याची शक्यता काढा. माझं उत्तर आलं दीड. पूर्वी मी खाली दोन रेघा मारून पुढे गेले असते. आता हात थांबला. सगळं मिळून एक, तर अर्ध्यात दीड कुठून भरणार? वेव्ह फंक्शन, म्हणजे ज्यातून ही शक्यता निघते ते सूत्र, मी पुन्हा गाळलेल्या पायरीपासून मांडलं. उत्तर आलं अर्धा.

निकाल लागला, चार गुणांनी पास झाले. आईला फोन केला, ती रडली, मीही रडले, आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. रोज माझी उजळणी ऐकणाऱ्या मामांवर माझा फार जीव जडला होता आणि आज ते तोंडावर सांगायचंच, असं ठरवलं होतं.

"झालीस ना पास?" त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "मग आता सवडीने सांग. ऊर्जा पुरत नसताना तो कण भिंतीपलीकडे जातो कसा? एकतीस वर्षं ऐकतोय. परीक्षा झाली की सांगायला कुणी येत नाही."

परीक्षेत हाही प्रश्न आला होता आणि त्याला मला पैकीच्या पैकी गुण होते. मी सांगायला लागले, आणि तिसऱ्या वाक्याला माझा आवाज बारीक झाला; ते मला नुसतं पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

मामा हसले नाहीत. त्यांनी पायानेच दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "आता कसली घाई आहे?"