पिसानं पडणारी विहीण

आमच्या घरात गुपचूप चकित होण्याची सोय नाही. कोणी न कळवता दारात येऊन उभं राहिलं, तर मी आधी "अगं बाई!" म्हणून ओरडते, मग "या, बसा" म्हणते. सासूबाई तर छातीवर हात ठेवून "अवं माय!" अशी आरोळी ठोकायच्या, की शेजारीण गॅस बंद करून धावत यायची. अशा घरात मागच्या हिवाळ्यात इंग्लंडहून लेकीबरोबर आमच्या विहीणबाई आल्या, आणि माझ्या जिवाला घोर लागला.

लेक तिकडे नोकरीला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि विहीणबाईंच्याच घरात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. जावई लाघवी आहे, त्याची काळजी नाही. पण ही बाई! सदरचा बाजार दाखवला, म्हणाल्या, "छान." धरमपेठेत तर्री पोहे खाऊ घातले. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, तरी रुमाल लावून "छान." साडी दिली, घडीही न मोडता "छान." घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "अहो, आपली पोर काही कौतुकाचं सांगाले गेली, तर तिकडे ऐकेल कोण? भिंत?"

"तू काहून टेन्शन घेऊन राहिली वं?" हे म्हणाले. "बाई शांत आहे, एवढंच."

एवढंच कसं? शांत माणसांची मला भीतीच वाटते. त्यांचा जीव आपल्या पोरीवर आहे की नाही, हे समजायचं कसं?

शेवटी मी हुकमाचा एक्का काढला. लांब पोळी. लेकीला कणिक भिजवायला लावली, अंगणात विटांची चूल मांडली आणि वर मडकं पालथं घातलं. ह्या पोळीची कणिक इतकी सैल असते की धरता धरवत नाही. गोळा ह्या हातावरून त्या हातावर झेलत, झुलवत पार कोपरापर्यंत ओढायचा आणि तापल्या मडक्यावर रुमालासारखा पसरायचा. पाहणाऱ्यानं "अरे बापरे!" म्हणायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. खरं सांगायचं तर पोळी करणारी त्याचीच वाट पाहत असते.

पोळी मडक्यावर झकास बसली. विहीणबाई हाताची घडी घालून ताठ उभ्या. हळूच म्हणाल्या, "आता कोणी मला पिसानंसुद्धा पाडलं असतं."

मला इंग्रजी कळतं, बोलायला तेवढं तोंड उघडत नाही. पण हे काय? पिसानं पाडायचं?

लेक हसायला लागली. "आई, त्या थक्क झाल्या. आश्चर्यानं अंगातली ताकदच जाते, मग नुसतं पीस लागलं तरी माणूस पडेल, असं म्हणतात तिकडे."

"पण असं पडलं होतं कोण?" मला वाटलं, एखादा राजा असेल, एखादी लढाई असेल. तिनं मोबाइलवर शोधलं. कसचं काय! गोष्टच नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत लोक थोड्या वेगळ्या शब्दांत असं लिहायचे, पुढे ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. म्हणजे कोणीतरी थाप मारली आणि अख्ख्या देशानं मान डोलावली.

माझं डोकंच सरकलं. आम्ही तोंडात बोट घालतो, तर खरंच घालतो. ही बाई विजेच्या खांबासारखी उभी, आणि म्हणे पडले असते!

"विचार त्यांले," मी लेकीला म्हटलं, "आजपर्यंत कधी खरंच पडल्या का?"

"आई, काहीही काय विचारून राहिली!"

"विचार म्हणते ना!"

तिनं विचारलं. विहीणबाईंनी हाताची घडी सोडली. मग म्हणाल्या, "एकदा."

मला कळावं म्हणून त्या सावकाश सांगू लागल्या. नवरा वारल्यापासून त्या टेबलाशी जेवतच नव्हत्या. ओट्याशी उभ्यानं ब्रेड खायच्या. नवऱ्याची खुर्ची होती तिथेच होती, तिला कोणी हात लावत नसे. माझी लेक तेव्हा नुकती राहायला आलेली. एका संध्याकाळी विहीणबाई बाहेरून आल्या, तर स्वयंपाकघरात धूर, ताटात करपलेल्या, वाकड्यातिकड्या पोळ्या, आणि ही बया त्या खुर्चीवर मांडी घालून बसलेली. म्हणाली, "मला एकटीला जेवण जात नाही. बसा."

"तेव्हा पडले," विहीणबाई म्हणाल्या. "फरशीवरच बसले आणि खूप रडले. तीही खाली येऊन बसली. तिथेच आम्ही दोघींनी ते सगळं संपवलं."

लेक खाली मान घालून बोटांची कणिक काढत होती. हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. धीर करून मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "आणि ती खुर्ची?"

"आता तिची आहे," विहीणबाई त्याच सपाट आवाजात म्हणाल्या. "माझा मुलगा बसला, तर मी त्याला उठवते."