मिस्तरीची पिवळी रेघ

ही गोष्ट सांगायची मी बारा-तेरा वर्षं टाळली. सांगायला संधी मिळाली नाही, असं नाही. संधी पुष्कळ आल्या. दर वेळी मी गाडीचा, पावसाचा नाहीतर तब्येतीचा विषय काढून मोकळा झालो. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे. ज्याच्याबद्दल मी खोटं बोललो तो माणूस राहिला नाही, आणि ज्याच्या धाकानं बोललो तो माझा थोरला भाऊही चार वर्षांपूर्वी गेला. निदान खरं काय ते एकदा कागदावर उतरावं, म्हणून लिहायला बसलो.

आमची पिकअप गाडी मी धुळ्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. चारही चाकांना ओढ असलेली. आमचं रान काळं. पाऊस पडला की साधी गाडी बांधावरच बसते, आणि शेतातला माल बाहेर काढायचा तर चारही चाकं फिरणारी गाडीच लागते. मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता. तो मागे ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा आणि गाडी चिखलातून म्हशीसारखी सावकाश, पण न थांबता निघायची.

हा जोर पुढच्या चाकांकडे नेणारा एक लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखाली असतो. आम्ही त्याला पुढचा शाफ्ट म्हणतो. छोटा दांडा ओढा न ओढा, आमच्या गाडीत तो शाफ्ट कायम फिरत राहायचा. त्यामुळे डिझेल जास्त लागतं आणि घरघर येते, असा आमच्याकडचा समज. म्हणून अनेक जण दिवाळीनंतर तो शाफ्ट काढून खळ्यात टाकून ठेवायचे आणि रोहिणी निघाल्या की परत बसवायचे. बैलांची झूल काढावी आणि घालावी, इतक्या सहज.

गाडीचं सगळं काम एका मिस्तरीकडे असे. धरणगाव–अमळनेर रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये शिकलेला, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्यावर ग्रीसचा एक डागही नसे. आमच्या गावातल्या काही घरांत त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण गाडी त्याच्याच हातची लागायची. मीही तशाच एका घरातला, तरी त्याच्याकडचा चहा मी घेत असे, आणि त्यात आपण काही मोठं करतो असं मला तेव्हा वाटत असे.

त्याची एक पद्धत होती. महत्त्वाचा प्रत्येक नट आवळला की तो पिवळ्या ऑइलपेंटनं त्याच्यावर एक बारीक रेघ मारायचा. अर्धी रेघ नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. "मी नसनू तरी रेघ सांगी," असं तो म्हणे. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी आमच्या पट्ट्यात कुठेही त्या रेघेवरून ओळखू यायची.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी त्यानं गाडीचं पूर्ण काम केलं. ब्रेकचे लायनर बदलले, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरलं, पुढचा शाफ्ट नवे नट घालून बसवला आणि रेघा मारल्या. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाला, "आबा, आते सालभर मनं तोंड देखू नका." आम्ही दोघं हसलो.

पाऊस लांबला. जूनचा पहिला पंधरवडा कोरडा गेला. गाडी धुळ्याला, जळगावला रिकामी धावत होती आणि शाफ्ट उगीच फिरतोय, हे माझ्या डोक्यात बसलं. एका दुपारी मी निंबाखाली गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो. माझा थोरला भाऊ ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "तुले सायकलनी चैन बसाडता येत नही, आन् शाफ्ट काढस? मिस्तरीले बलाव."

"चार नट त शेतस इकडला, चार तिकडला," मी म्हणालो.

"तुले मोजता येतस, येवढं समजनं. पन हात लावू नको."

तो उठून आत गेला आणि मी शाफ्ट काढला. दहा दिवसांनी आभाळ भरून आलं, तेव्हा भाऊ गावात गेलेला पाहून मी तो परत बसवला. त्याला कळू द्यायचं नव्हतं. घाई होती. नट तेच जुने वापरले. त्या नटांच्या आत एक गोल कडं असतं. ते नटाला घट्ट धरून ठेवतं, आणि एकदा नट सोडला की त्याची पकड जाते. मला हे माहीत होतं. मिस्तरीनंच मागे कधी सांगितलं होतं. नवे नट आणायला अमळनेरला जावं लागलं असतं, आणि जाण्याचं कारण भावाला सांगावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं भाऊ धुळ्याला निघालो. पारोळ्याच्या पुढे पोटाखाली दोनदा खडखड झाली. भावानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दगड उडना व्हई." त्यानंतर शाफ्टचं पुढचं टोक सुटून खाली रस्त्यावर टेकलं. गाडीनं पुढचं तोंड उचललं, आडवी झाली आणि बाभळींवर जाऊन आदळली. मला कपाळावर एक खोक पडली. भावाचा उजवा गुडघा डॅशबोर्डखाली चेंगरला.

लोकांनी त्याला दुसऱ्या एका जीपमध्ये घालून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. गाडी ओढून आणायला ट्रॅक्टर यायचा होता, म्हणून मी तिथंच थांबलो. त्या अर्ध्या तासात मी गाडीखाली वाकून पाहिलं. पुढच्या बाजूचे तीन नट गेले होते, चौथा अर्धवट लटकत होता. मागच्या बाजूचे चारही जागेवर होते, पण त्यांच्यावरच्या पिवळ्या रेघा लोखंडावरच्या रेघांशी जुळत नव्हत्या. कोणीही पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं की मिस्तरीनंतर इथं दुसरा हात लागला आहे.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि सगळ्या रेघा खरडून काढल्या. कपाळावरचं रक्त भुवईवरून गळत होतं, ते पुसायलाही मी थांबलो नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

दवाखान्यात भाऊ शुद्धीवर आला तेव्हा त्यानं विचारलं, "कसं व्हयनं?" मी म्हणालो, "मिस्तरीनी नट ढिला ठेयेल व्हतात."

मी एवढंच एक वाक्य बोललो. पुढचं सगळं भावानं केलं. तो पडून होता, भेटायला माणसं येत होती आणि प्रत्येकाला तो तेच सांगत होता. त्याचा काही दोष नाही. त्याला मी जे सांगितलं तेच तो सांगत होता.

मिस्तरी पंधरा दिवसांनी आमच्या खळ्यात आला. कोणी बोलावलं नव्हतं. भाऊ पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर होता, गावातली पाचसहा माणसं बसली होती. मिस्तरीनं भावाची चौकशी केली, मग मोडक्या गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा उभा राहून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आबा, रेघ कोनी खरडी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "रेघ व्हती का?"

तो सावकाश म्हणाला, "रेघ मारेबिगर मी गाडी सोडत नही."

भाऊ खाटेवरून म्हणाला, "रेघा मारीसन गाडी चालस का, मिस्तरी? नट आवळना पडतस."

माणसं हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "ज्यानं काम त्यानीच करानं," आणि त्यात काय काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मिस्तरीलाही कळलं. मीही मान खाली घालून बसलो होतो. हसलो नाही, एवढंच स्वतःला सांगता येतं, आणि त्याची किंमत काही नाही.

त्यानं हात पुसले, चपला घातल्या आणि गेला. पुन्हा आमच्या गावची एकही गाडी त्याच्याकडे गेली नाही. मग शेजारच्या गावांच्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवाळीच्या आधी त्यानं गॅरेजचे पत्रे उतरवले. जळगावला मुलीकडे राहायला गेला आणि एका पाइपच्या कारखान्यात फाटकावर रखवालदारी करू लागला, असं कानावर आलं. इंजिनचा आवाज ऐकून कुठल्या नळीत कचरा आहे ते सांगणारा माणूस दिवसभर आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत होता.

पिकअप आम्ही दुरुस्त करून घेतली. त्यानंतर तिचं काम मी स्वतः शिकलो. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, पाट्यांच्या बुशा बदलणं, पुढच्या चाकांचे बेअरिंग बघणं. पुढचा शाफ्ट दुरुस्तीच्या कामाशिवाय पुन्हा कधी काढला नाही. लोक म्हणत, आबा म्हातारपणी मिस्तरी झाला. भाऊ लंगडत माझ्या मागे उभा राहायचा आणि म्हणायचा, "त्या हरामखोरनी तुले शिकाडं बरं." मी गाडीखाली असल्यामुळे त्याला माझा चेहरा दिसायचा नाही.

भाऊ गेल्यावर मला वाटलं, आता अडचण उरली नाही. तरी जळगावला जायला मला दोन वर्षं लागली. मुलीनं दार उघडलं. मिस्तरी खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, फार वाळला होता. मला पाहून उठायला लागला, मी बसवलं.

"गाडी शे का आजून?"

"शे."

"आन् पुढला शाफ्ट?"

"बसाडेल शे."

"नट नवा वापरतस ना?"

"हा. दर डाव नवा."

त्यानं मान हलवली. "बरं शे. त्या नट एकच डाव कामले येतस." आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नव्हे. गिऱ्हाईक बिघाड नीट सांगत नसेल तर तो असाच थांबून राहायचा.

त्याला सगळं ठाऊक होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानं माझ्यासाठी जागा करून दिली होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. मी म्हणालो, "जळगावले गरमी भलती शे." तो म्हणाला, "हा, शे." चहा पिऊन मी उठलो. पुन्हा येतो म्हणालो.

गेल्या महिन्यात तो गेल्याचं कळलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून त्याच्याबद्दल दोन शब्द बोलू लागले. मुलीनं मला ओळखलं. ती जवळ येऊन म्हणाली, "आबा, बाबा तुमच्या गाडीबद्दल नेहमी बोलायचे. तुम्हीही बोला ना."

मी उभा राहिलो. माइक हातात होता. समोर त्याची मुलगी, जावई, वस्तीतली माणसं, आमच्या भागातले त्याचे चारदोन नातेवाईक. माझ्या खोट्यामुळे त्याचं गॅरेज गेलं, हे या माणसांनी ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, "मिस्तरीच्या हाताला गुण होता. असा कारागीर पुन्हा होणार नाही." आणि माइक पुढच्याला दिला. मुलीनं हात जोडले.

तिथं बोलायचं होतं ते हे: मिस्तरी, तुमचा नट ढिला नव्हता. तुमचं काम मी खोललं, जुनेच नट लावले, आणि तुमची रेघ मी खरडली. चूक मनी व्हती. माले माफ करा.