मावशीचा हात

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणाऱ्यांतली आहे. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला होते. आमच्या घरात ना कधी अंगारा आला, ना कुणाची दृष्ट काढली गेली. या ग्रुपवरचे असले अनुभव मी जेवताना नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि आम्ही खिदळायचो. आता माझाच वाचा…

मी आणि नितीन, म्हणजे माझा नवरा, लोणावळ्यात बंगल्यांच्या आवारातली मोठी झाडं छाटायची कामं घेतो. दोर, हेल्मेट, सगळं रीतसर. गेल्या वर्षी मी वृक्षनिगेच्या सर्टिफिकेटला बसले. थिअरी पाठ होती, घोडं अडलं प्रॅक्टिकलला — झाडावर जखमी होऊन लटकलेल्या माणसाला खाली आणायचं. दर सरावात मी अर्ध्यावर थिजायचे. जखमी बनून लटकलेला नितीन मला वरूनच चिडवायचा, आणि मला रडू यायचं.

म्हणून आम्ही आंदर मावळात माझ्या मावशीच्या वाडीवर गेलो. तिथल्या देवराईत एक प्रचंड जांभूळ आहे. राईतलं पानही तोडत नाहीत, पण चढायला मनाई नाही. फक्त एक रीत आहे. मधासाठी कुणी झाडावर चढलं की घरचं एक माणूस खाली खोडाला तळहात लावून उभं राहतं, वरचा उतरेपर्यंत. मावशी उजवा तळहात टेकून तशी उभी राहिली. नितीनने विचारलं, "मावशी, झाडाला ताप आलाय का?" ती हसली, हात मात्र काढला नाही.

आम्ही निष्काळजीपणा केला नाही, हे मुद्दाम सांगते. ज्या फांदीवर दोर टाकायचे, ती नितीनने वर जाऊन लाकडी हातोडीने ठोकून पाहिली. आवाज भरीव आला, मी खालून ऐकला. मग दोघांनी दोराला लोंबकळून पाहिलं. फांदी हललीही नाही.

भर दुपार होती, वारा अजिबात नव्हता. नितीन जखमी असल्याचं सोंग घेऊन लटकला. मी चढले, त्याला माझ्या पट्ट्याला अडकवलं, त्याचा दोर सोडवला आणि दोघांचा भार एकाच दोरावर घेऊन सावकाश खाली आणलं. पहिल्यांदाच मी कुठे थिजले नाही! इतका आनंद झाला की दोर ओढून काढतानाही मी बडबडत होते. मावशीला म्हटलं, चल आता, चहा टाकू.

तिने विचारलं, "वर कुणी न्हाई ना आता?"

मी नाही म्हणाले. तिने खोडावरचा हात काढला…

आणि ती फांदी खाली आली. ना कडकड, ना करकर. थेट आमच्या पुढ्यात.

मी तुटलेल्या टोकाशी गेले. आत नुसता काळा भुगा होता, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. तीच हातोडी घेऊन मी ठोकलं, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. मी तिथेच उभी राहून हात जोडले. कुणाला जोडले, विचारू नका.

आमच्या ट्रेनरचं म्हणणं, भार उतरल्यावर जुनी चीर कधी कधी उघडते. असेल. पण पोकळ फांदी वर असताना भरीव कशी वाजली, हे त्यांच्या म्हणण्यात बसत नाही.

मी पास झाले. पेढे घेऊन वाडीवर गेले, तर मावशीने पेढा डाव्या हाताने घेतला. उजवा खांद्यातून वर उचलला जात नव्हता. कधीपासून, तर त्या दुपारपासून. आम्हाला बोलली नव्हती.

मी विचारलं, काय झालं गं?

"दोघं मिळून लय जड झालतात," ती म्हणाली आणि पेढा खाऊ लागली.

मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही. त्या दिवशी मी तेल कोमट केलं, तिचा हात मांडीवर घेतला आणि अंधार पडेपर्यंत चोळत बसले.