माझ्याशिवाय सुटलेलं विमान

सन २०१९. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि कामरगाव ते कारंजा जीप अजून मीच चालवत होतो. शिक्षण चौथी. गाडी भरल्याशिवाय मी सोडत नसे, आणि ओळखीचा माणूस येतो म्हणाला तर त्याच्यासाठी थांबत असे. याला मी माणुसकी समजत होतो. कोणी घाई केली तर सरळ म्हणायचो, "उतर अन् पायी जा."

माझा थोरला मुलगा विमानाच्या कंपनीत. नागपूरच्या विमानतळावर बॅगा चढवायच्या कामाला लागला. काम करता करता शिकला, काउंटरवर बसला, मग पाळीचा प्रमुख झाला, मग कंपनीचं नागपूरचं सगळं काम त्याच्याकडे आलं. पुढं मुंबईच्या मोठ्या ऑफिसात गेला. कोणतं विमान किती वाजता सुटायचं, उशीर झाला तर काहून झाला, हे त्याचं खातं. त्या वर्षी कंपनीनं त्याला खात्याचा मुख्य केलं. मुंबईत त्याचा कार्यक्रम दुपारी तीनला होता. त्याचा फोन आला, "बाबा, पुढच्या रांगेत तुमची खुर्ची ठेवून राह्यलो. यावंच लागते."

अख्ख्या गावाला सांगून मी निघालो. पोराचा मान डोळ्यांनी पाहायचा, एवढीच हाव होती.

कार्यक्रमाच्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर चांगला वेळेआधी पोचलो. तपासणी झाली. आत यवतमाळकडचा एक शेतकरी भेटला. त्यानं दशम्या सोडल्या, मी ठेचा काढला, गप्पा रंगल्या. तेवढ्यात भोंग्यावर माझं नाव पुकारलं, आडनावासकट.

"काका, तुमाले बलावून राह्यले," शेतकरी म्हणाला.

"बलावू दे. नाव घेतलं म्हंजे गाडी थांबली. अन् माह्या पोराचीच विमानं हायेत."

दुसऱ्यांदा पुकारलं. मला आणखी बरं वाटलं. हात धुतले, टोपी नीट केली आणि दाराशी गेलो. दार बंद. काचेतून विमान दिसत होतं, जागच्या जागी उभं. तिथली मुलगी म्हणाली, "काका, गेट बंद झालं." मी सरळ पोरालाच फोन लावला.

"बाबा, दार लागलं की खोलत नाहीत."

"तू साहेब हायेस ना? सांग त्याईले."

"सांगू शकतो. पण सांगणार नाही."

"बापासाठी बी नाही? मी तं कोणासाठी बी थांबतो रे!"

तो हळूच म्हणाला, "मालूम हाये, बाबा. माह्या गणिताच्या पेपरच्या दिवशी सरपंचाच्या चहासाठी थांबले होते तुमी."

त्याचं बारावीचं वर्ष होतं. मांडीवर पॅड घेऊन जीपमध्ये मागे बसला होता. "बाबा, चला ना," दोनदा म्हणाला. मी म्हणालो, "सरपंच हाये, पाच मिंटं थांब." कारंज्याला पोचलो तर शाळेचं फाटक लागलेलं. मी फाटकवाल्याशी भांडलो. पोरगा भांडला नाही. वर्ष गेलं, तो नागपूरला निघून गेला, आणि इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

"संध्याकाळच्या विमानात जागा पाहू का?" त्यानं विचारलं.

"कार्यक्रम तं तीनले हाये. मंग येऊन काय करू?"

मी फोन ठेवला आणि बस धरून परत आलो. दिवेलागणीला त्याचा फोन आला.

"जेवले का, बाबा? तुमची खुर्ची तशीच ठेवली होती. कोणाले बसू नाही देलं."

चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. पण मी विचारलं, "विमान टायमावर गेलं का?"

"गेलं. दोन मिंटं आधीच पोचलं."

"मंग ठीक हाये," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप स्टँडवर लावली आणि बसलेल्यांना सांगितलं, साडेसातला सुटणार. कोणाचा विश्वास बसला नाही. साडेसात झाले तेव्हा चार सीटा रिकाम्या होत्या आणि सरपंच हॉटेलातून चहाचा ग्लास दाखवून ओरडत होता, "अबे बुढ्या, पाच मिंटं!" मी गाडी सुरू केली आणि कारंज्याच्या रस्त्याला लागलो.